मध्येच बंद पडणारा वायपर: मोटर बदलायच्या आधी काय तपासाल

घाटात वायपर थांबला म्हणून आणलेली गाडी माझ्या दारात उभी राहिली की वायपर हमखास चालू होतो. गिऱ्हाईक बिचारं ओशाळं होतं. "अहो, आत्ता कुंभार्लीत धुक्यात बाजूला घेऊन बसलो होतो, जाम हलत नव्हता!" मी म्हणतो, खरंय तुमचं, किल्ली ठेवून जा. साफ मेलेला वायपर शोधायला सोपा. कधी चालतो, कधी नाही, तो डोकं खातो.

आणि अशा वेळी सगळीकडून एकच सल्ला मिळतो, 'मोटर बदला'. मी चिपळूणात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. जून लागला की दुकानात वायपरच वायपर. बदलायला म्हणून काढून आणलेल्या मोटरी मी बॅटरीवर लावून बघतो, आणि त्यातल्या कितीतरी धडधाकट निघतात. दोष असतो अर्थच्या (करंट परत बॅटरीकडे नेणाऱ्या) वायरीत, स्विचमध्ये, नाहीतर जाम झालेल्या स्पिंडलमध्ये, म्हणजे ब्लेडचा हात ज्यावर फिरतो त्या दांड्यात. गंमत अशी की मोटर बदलताना कपलर (वायरींचा जोड) निघतो, परत बसतो, वायरी हलतात, आणि तेवढ्यानंच वायपर सुरू होतो. सगळ्यांना वाटतं, मोटरच गेली होती. पुढच्या मोठ्या पावसात परत तेच.

खाली सांगतोय ते जुन्या, सरळ वायरिंगच्या गाड्यांसाठी. मारुती आठशे, ओम्नी, जुनी झेन, सुमो, बोलेरो, इंडिका या पिढीतल्या. बॅटरी, किल्ली, फ्यूज, स्टिअरिंगजवळच्या दांडीचा स्विच, रिले (करंट जोडणारा-तोडणारा छोटा डबा) आणि मोटर, एवढाच मामला. वायपरला संगणक हुकूम देतो अशा नव्या गाड्यांचं शास्त्र वेगळं.

बंद पडतो म्हणजे नेमका कसा?

गिऱ्हाइकाला मी आधी चार गोष्टी विचारतो, पाना नंतर हातात घेतो. थांबला तेव्हा ब्लेड कुठे होते, मध्येच की खाली? कुठला स्पीड चालू होता? पाऊस लागल्या लागल्या थांबला की बराच वेळ चालून? आणि परत चालू कसा झाला, आपोआप, खड्ड्यात आदळून, की दांडी खालीवर करून? या चार उत्तरांतच अर्धं काम होतं.

पंधरा-वीस मिनिटं व्यवस्थित चालला, मग सुस्त झाला, थांबला, आणि थोड्या वेळानं जसा काही झालंच नाही असा चालू झाला, तर संशय वायरिंगवर घेऊ नका. बऱ्याच मोटरींच्या पोटात उष्णतेनं वाकणारी दोन धातूंची पट्टी असते. मोटरवर ताण येऊन ती तापली की पट्टी करंट तोडते, गार झाली की जोडते. म्हणजे मोटर स्वतःला वाचवत असते. ताण कशाचा, ते शोधायचं. बहुतेक वेळा स्पिंडल जाम झालेला असतो. कधीकधी दुकानदारानं दिलाय म्हणून मापापेक्षा लांब ब्लेड लावलेला असतो.

खड्ड्यात बंद, खड्ड्यात चालू, असं असेल तर लूज कॉन्टॅक्ट. दांडी दाबून धरली की चालतो, तर स्विच. हेडलाइट आणि ब्लोअर लावला की वायपर रडत चालतो, तर आधी चार्जिंग आणि अर्थ बघा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट हवेत. तिथेच कमी असतील तर वायपरला बोल लावण्यात अर्थ नाही.

एक तक्रार मात्र तक्रारच नसते. वायपर चालू असताना किल्ली बंद केली तर ब्लेड काचेच्या मध्येच थांबणार. किल्लीबरोबर त्याचा करंटच गेला. आधी वायपर बंद करा, मग किल्ली.

ब्लेड खाली येऊन झोपतो तो कसा

हे कळलं की निम्मे दोष बसल्या जागी ओळखता येतात. तुम्ही वायपर बंद करता तेव्हा ब्लेड जिथल्या तिथे थांबत नाही, फेरी पुरी करून खाली येतो. कारण मोटरच्या गिअरच्या झाकणाखाली आणखी एक छोटा स्विच असतो, पार्किंगचा. गिअरवर तांब्याची गोल पट्टी, तिच्यात एक खाच, आणि वरून टेकलेले पितळी पाय. दांडी बंद केली तरी पाय पट्टीवर असेपर्यंत मोटरला करंट मिळत राहतो. खाच आली की करंट तुटतो, मोटरची वायर अर्थला जुळते आणि मोटर जागीच ब्रेक लागल्यासारखी थांबते.

आता 'इंटर' म्हणजे थांबून थांबून चालणारा वायपर घ्या. त्यात रिले मोटरला फक्त छोटासा धक्का देतो. उरलेली फेरी हा पार्किंगचा स्विचच पुरी करतो. मग रिलेचा टायमर पुढच्या धक्क्यापर्यंत वाट बघतो. म्हणून इंटरवर ब्लेड थोडा थोडा सरकत अडखळत जात असेल, आणि बंद केल्यावर मध्येच उभा राहत असेल, तर रिले बदलून काही होणार नाही. पार्किंगचे पाय घाण झालेत, किंवा त्यांना येणारी वायर तुटली आहे. स्लो आणि फास्ट दोन्ही नीट आणि फक्त इंटर मुका, तर मग रिले किंवा दांडीतला तेवढाच कॉन्टॅक्ट. डॅशबोर्डखाली कान लावा. टिक्-टिक् ऐकू येतंय आणि वायपर हलत नाही, तर रिलेचे पॉइंट जळलेत असं समजायला हरकत नाही. आवाजच नाही, तर रिलेपर्यंत करंट येतोय का ते आधी बघा.

स्लो बंद, फास्ट चालू, हीपण जुन्या गाडीची नेहमीची तऱ्हा. दोन स्पीडच्या मोटरीत सहसा तीन कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे छोटे ठोकळे, असतात, एक दोघांचा सामाईक, एक स्लोचा, एक फास्टचा. स्लोचा कार्बन जास्त वापरला जातो, म्हणून तोच आधी झिजतो. घरी पोचायला फास्ट वापरा, पण कार्बन बघायची वेळ आली हे लक्षात ठेवा.

बल्बची युक्ती

कधीतरीच येणारा दोष पकडायला माझ्याकडे महागडं यंत्र नाही. 5 वॅटचा एक बल्ब आहे, होल्डरसकट, दोन लांब वायरींना जोडलेला. एक वायर मोटरच्या कपलरवर स्लोच्या वायरीला जोडायची. मागून बारीक टाचणी घालून जोडली तर वायर सोलावी लागत नाही. दुसरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, बॉडीला नाही. बल्ब बोनेटच्या फटीतून खिडकीतून आत घ्यायचा आणि बाजूच्या सीटवर बसणाऱ्याच्या हातात द्यायचा. काच तापते, होल्डर धरायला सांगा. वायर वायपरच्या लिंकमध्ये, म्हणजे मोटरपासून ब्लेडपर्यंत जाणाऱ्या पट्ट्यांत, जाणार नाही अशी बांधा. मग स्लो लावून पावसात चक्कर मारायची.

वायपर थांबला आणि बल्ब पेटलेलाच आहे, म्हणजे करंट मोटरपर्यंत येतोय. दोष मोटरमध्ये, तिच्या अर्थमध्ये किंवा जाम लिंकमध्ये. वायपरबरोबर बल्बही विझला, तर दोष अलीकडे, म्हणजे फ्यूज, किल्ली, स्विच, रिले किंवा मधली वायर. बल्ब मंद झाला तर कुठेतरी करंट कमी पडतोय, म्हणजे जळका पॉइंट किंवा सडकी वायर. एका चकरेत वायरिंगचे दोन भाग पडतात आणि शोध निम्म्यावर येतो. काही जुन्या जपानी बनावटीच्या गाड्यांत मोटरला पॉझिटिव्ह थेट जातो आणि स्विच अर्थ जोडतो-तोडतो. तिथे हा हिशोब उलटा होतो. म्हणून निघण्याआधी वायपर चालू-बंद करून बल्ब कधी पेटतो ते बघून घ्या.

मल्टिमीटरबद्दल एक सांगतो. वायरीचे सगळे तार कुजून एकच शिल्लक राहिला असेल तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. त्याच जागी ब्रेक लाइटचा 21 वॅटचा बल्ब लावा, वायर लगेच उघडी पडते. मीटरच वापरायचा तर वायपर चालू ठेवून वापरा. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं मोटरच्या कपलरवर. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर मध्ये कुठेतरी व्होल्ट वाया जातायत. अर्थच्या बाजूला, मोटरची बॉडी ते बॅटरीचा निगेटिव्ह, 0.2 व्होल्टच्या वर गेला तर अर्थ साफ करा.

अर्थ, फ्यूज, कपलर

कोकणातल्या गाडीत मी आधी अर्थच बघतो. मोटर आवाज करू नये म्हणून रबरी बुशवर बसवलेली असते, त्यामुळे तिला बॉडीतून अर्थ मिळेलच असं नाही. एक वेगळी काळी वायर बोल्टखाली कसलेली असते. बोल्ट वरून चकचकीत दिसतो. काढून बघा, खाली लगचा (वायरीच्या टोकाच्या कडीचा) रंग तपकिरी आणि पत्र्यावर गंजाचा पापुद्रा. पॉलिश पेपरनं पत्रा उघडा करा, लग घासा, कसा, वरून थोडं व्हॅसलिन लावा. लगमध्ये वायर दाबलेली असते तिथेही ओढून बघा. कधीकधी इन्सुलेशन शाबूत असतं आणि आत हिरवी पूड.

तपासायचा झटपट मार्ग म्हणजे मोटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हला एक जाड वायर तात्पुरती जोडायची. दोष गेला तर सापडला.

फ्यूज जळला नाही म्हणजे फ्यूज बरा, असं नाही. काचेच्या किंवा चिनी मातीच्या जुन्या फ्यूजची टोकं काळी पडतात, पकडणारी पितळी पट्टी सैल होते. पात्याच्या फ्यूजमध्येही खालची खोबण तापून पसरते. फ्यूज काढा, टोकं घासा, पट्टी हलक्या हातानं जवळ करा. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर जितक्या अँपिअरचा लिहिलाय तितकाच लावा. 'सारखा उडतो म्हणून मोठा घातला' अशी गाडी आली की मला आधी वायरिंग जळालंय का ते शोधावं लागतं. फ्यूज उडतोय कारण मोटर जाम होऊन जास्त करंट ओढतेय, किंवा वायर कुठेतरी बॉडीला घासतेय. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) रबरातून वायरी आत जातात ती जागा आवर्जून बघा.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं, तेव्हा शेकडो गाड्या बुडाल्या. त्यातल्या कितीतरी धुऊनपुसून, वाळवून परत रस्त्यावर आल्या आणि काही लांबच्या गावांत विकल्याही गेल्या. अशा गाडीत दोष वर्षा-दोन वर्षांनी वर येतो, कारण कपलरच्या आत राहिलेला गाळ पिना हळूहळू खातो. जुनी गाडी घेतली असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला मातीची रेघ दिसते. दिसली तर एक एक दोष शोधण्याऐवजी डॅशबोर्डखालचा प्रत्येक कपलर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरनं धुवा. हिरव्या झालेल्या पिना बदलाव्याच लागतात, घासून त्या फार दिवस टिकत नाहीत.

स्विचचं थोडक्यात. दांडीच्या आतलं ग्रीस वर्षांनुवर्षं घट्ट होऊन काळं पडतं आणि पितळी पॉइंटवर थर धरतं. स्टिअरिंगखालचं कव्हर काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि दांडी पंचवीस-तीस वेळा खालीवर करा. बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं. पूर्ण उघडायचं धाडस करणार असाल तर पांढरं कापड अंथरा, आतल्या बारीक स्प्रिंगा उडतात. एअरबॅगवाली गाडी असेल तर त्या भागाला घरी हात लावू नका.

लिंक आणि स्पिंडल

इथे जरा वेळ द्या, कारण मोटर मारणारा खरा गुन्हेगार बहुधा इथेच असतो.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. वायपरच्या लिंकमध्ये बोटं असताना कुणी किल्ली फिरवली तर बोट जाईल, एवढी ताकद त्या छोट्या मोटरीत असते. काचेखालची जाळी काढा. झाडाखाली लावलेल्या गाडीत तिथे आंब्या-जांभळीचा पालापाचोळा कुजून काळा चिखल झालेला असतो, पाणी जायची भोकं बुजलेली, आणि मोटर चक्क डबक्यात. हे साफ करणं हीच दुरुस्ती असते कधीकधी.

आता मोटरच्या क्रँकवरून (तिच्या फिरत्या टोकावरच्या आखूड पट्टीवरून) लिंकचा सॉकेट मोठ्या पेचकसानं अलगद उचकटून काढा. ब्लेड काचेवरून उचलून धरा आणि आर्म, म्हणजे ब्लेड धरणारा वायपरचा हात, हातानं फिरवून बघा. सलग, हलका जोर लागून फिरायला हवा. कुठे अडला, कुरकुरला, सोडल्यावर तिथेच रुतून बसला, तर स्पिंडल जाम आहे. खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियमच्या बुशमध्ये पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि स्टीलचा दांडा आवळते.

वरची सर्कलिप (दांडा अडवून धरणारी कडी) काढून दांडा खाली ओढता आला तर उत्तम. रॉकेलनं धुवा, बारीक पॉलिश पेपर फिरवा, ग्रीस भरून परत घाला, रबरी सील फाटलं असेल तर बदला. निघत नसेल तर वरून डब्ल्यूडी-40 मारून आर्म फिरवत राहा. सुटला की त्यावर घट्ट गिअर ऑइल सोडा. नुसत्या स्प्रेवर थांबलात तर तो उडून जातो आणि स्पिंडल आधीपेक्षा कोरडा पडतो. गिऱ्हाईक महिन्याभरात परत येतं ते याच कारणानं.

एक ब्लेड चालतो, दुसरा मध्येच राहतो, किंवा 'टक्' असा आवाज येतो, तर लिंकच्या टोकाचा प्लास्टिक सॉकेट सैल झालाय. मोटरचा आवाज येतो पण आर्म हलत नाही, तर आर्मच्या मुळाशी बघा. स्टीलच्या स्पिंडलवरचे बारीक दाते शाबूत असतात, पण वर बसणाऱ्या आर्मचे दाते नरम धातूचे असल्यामुळे झिजतात. भुरभुर पावसात चालतो आणि जोराच्या पावसात सरकतो. नट कसून बघा. तरी सरकला तर आर्म बदला.

मोटर उघडायची तर

एवढं सगळं ठीक निघालं, बल्बही पेटलेला असताना वायपर थांबला, तर मग मोटर. थांबलेल्या क्षणी पेचकसाच्या मुठीनं मोटरच्या गोल डब्यावर हलकी टिचकी मारा. चालू झाली तर कार्बन झिजलेत किंवा अडकलेत.

गिअरचं झाकण काढण्याआधी झाकण आणि बॉडी यांवर ओरखडा मारून खूण करा, काही गाड्यांत ते फिरवून बसवलं तर ब्लेड भलत्याच जागी थांबतो. आत पिवळट-तपकिरी, मेणासारखं घट्ट झालेलं ग्रीस दिसेल. ते लाकडी काडीनं खरवडून काढा. तांब्याच्या पट्टीवर काळा थर असेल तर शाळेतल्या खोडरबरानं घासा, जाड पेपरनं नको, तांबं पातळ असतं. पितळी पायांना किंचित दाब द्या. नवं ग्रीस गिअरच्या दात्यांना लावा, पट्टीवर मात्र अगदी पुसट.

कार्बनची बाजू उघडताना लोहचुंबक आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) धरून ठेवतो, ओढताना तीनही कार्बन उडी मारून बाहेर येतात. परत बसवताना बारीक तारेनं ते मागे धरून ठेवावे लागतात. कम्युटेटर (कार्बन टेकतात तो तांब्याचा गोल) काळा असेल तर बारीक पेपर, खाचांतली कार्बनची भुकटी टाचणीनं साफ. कार्बन आखूड झाले असतील तर मापाचे मिळतात, पण पिगटेल, म्हणजे कार्बनला जोडलेली लवचिक तार, सोल्डर करायला हात बसलेला हवा. नसेल तर रिवाइंडिंगवाल्याकडे द्या. नायलॉनच्या गिअरचे दात गेलेले असतील तर मोटर बदला, तिथे माझाही इलाज नाही.

घाटातच थांबला तर गाडी चारही इंडिकेटर लावून सुरक्षित बाजूला घ्या. दुसरा स्पीड लावून बघा, फ्यूज काढून परत बसवा, आर्म हातानं किंचित हलवा. तंबाखू किंवा कापलेला बटाटा काचेवर चोळायची ट्रकवाल्यांची जुनी युक्ती आहे, पाणी पसरतं आणि थोडं दिसायला लागतं. ती हळू गाडीनं जवळच्या टपरीपर्यंत जायला. तेवढ्यावर खाली उतरायचं नाही.

सगळं परत जोडताना आर्म शेवटी लावा. आधी बॅटरी जोडा, मोटर एकदा स्लोवर चालवून दांडीनं बंद करा, म्हणजे ती पार्किंगला येऊन थांबेल. मगच आर्म खालच्या जागी धरून नट कसा. नाहीतर पहिल्याच फेरीला ब्लेड बोनेटवर आपटतो. आणि चालू करायच्या आधी काचेवर बादलीभर पाणी ओता. कोरड्या काचेवर मोटर जास्त करंट ओढते, आणि नुकतंच ग्रीस केलेलं काम बिघडलंय असा उगाच संशय येतो.